व्याख्यानानंतरचा अर्धा तास

गेली अकरा वर्षे आमच्या शाळेतील शेवटच्या दोन इयत्तांसाठी दर आठवड्याला होणाऱ्या व्याख्यानांची जबाबदारी माझ्याकडे आहे. या काळात सर्वांत जास्त वाद कशावरून झाला असेल, तर तो सभागृहाला कुलूप किती वाजता लावायचे यावरून. वक्ते कोण असावेत, विषय कोणते घ्यावेत, यावर शिक्षकांच्या बैठकीत मतभेद होतात आणि मिटतातही. परंतु आभारप्रदर्शन आटोपून घंटा झाल्यावरही पंधरा-वीस मुले आतच रेंगाळत असतील, तर त्यांना बाहेर काढायचे की राहू द्यायचे, या साध्या प्रश्नावर आम्ही काही वर्षे अक्षरशः भांडलो. कार्यक्रम संपला, आता येथे कुणाचे काय काम आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे होते, आणि आज ते अधिकच ठाम झाले आहे, की ज्यासाठी आपण हा सारा खटाटोप करतो ते त्या घंटेनंतरच सुरू होते.

शाळांच्या वेळापत्रकात मुलांचे ज्ञान वाढवणारे उपक्रम एका रकान्यात असतात आणि मुलांनी एकत्र येऊन वेळ घालवण्याचे उपक्रम दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात व्याख्याने, चर्चासत्रे, कार्यशाळा. दुसऱ्यात सहल, संमेलन, खेळ. पहिला रकाना अभ्यासाच्या जवळचा म्हणून त्याला मान असतो, आणि दुसरा करमणुकीचा समजला जात असल्यामुळे परीक्षा जवळ आली की आधी त्याच्यावरच काट मारली जाते. हे दोन रकाने असे वेगळे ठेवल्यामुळे दोन्हींचे नुकसान होते, असे मला पुन्हापुन्हा दिसले आहे. ज्या व्याख्यानावर नंतर कुणी कुणाशी बोलत नाही ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, आणि ज्या संमेलनात बोलण्यासारखा विषयच नसतो तेथे जो तो आपल्या ठरलेल्या दोन मित्रांजवळ जाऊन उभा राहतो.

एक प्रसंग सविस्तर सांगते. तीन वर्षांपूर्वी जुने ग्रंथ आणि कागदपत्रे दुरुस्त करणाऱ्या एक बाई आमच्याकडे व्याख्यानासाठी आल्या होत्या. त्यांनी सोबत एक फाटके पान, पातळ जपानी कागदाचा तुकडा, बारीक कुंचला आणि गव्हाच्या स्टार्चची खळ आणली होती. फाटलेल्या पानाला आपण घाईने चिकटपट्टी लावतो, ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकट थर कागदात मुरतो आणि तो डाग मग सहजासहजी निघत नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. जोडायची पट्टी कात्रीने कापायची नाही, तर कागदावर ओल्या कुंचल्याने रेघ ओढून त्या रेघेवर तो हळूच फाडायचा, म्हणजे कडेला कागदाचे तंतू मोकळे राहतात आणि ते मूळ पानावर अलगद बसतात, हे त्यांनी करून दाखवले. शेवटी त्या म्हणाल्या की, त्यांच्या कामातला सर्वांत मोठा नियम असा आहे की केलेली दुरुस्ती पुढे कधीही सोडवता आली पाहिजे. खळ पुन्हा ओलसर केली की सुटते, म्हणून ती वापरायची. पुढे हे पान ज्याच्या हातात जाईल त्याला आपल्यापेक्षा अधिक कळत असेल, ही शक्यता गृहीत धरूनच हात चालवायचा.

घंटा झाली. बहुतेक मुले निघाली, परंतु टेबलाभोवती दहा-बारा जण गोळा झाले. विज्ञान शाखेतला एक मुलगा, ज्याचा आवाज मी दीड वर्षात एकदाही ऐकला नव्हता, त्याने कागदाची पट्टी उजेडासमोर धरली आणि तंतूंकडे पाहत राहिला. शेजारी इतिहास घेतलेली एक मुलगी होती. तिने बाईंना विचारले की, जुन्या पुस्तकाच्या समासात कुणी वाचकाने पेन्सिलीने काही लिहून ठेवले असेल तर तुम्ही ते पुसता का. बाईंनी उत्तर देण्याआधी तो मुलगा म्हणाला, पुसायलाच हवे, ते मूळ पुस्तकाचा भाग नाही. ती म्हणाली, दोनशे वर्षांपूर्वीचा वाचक काय विचार करत होता हे कळायला दुसरा मार्ग तरी कोणता आहे. तो म्हणाला, मग काल कुणी ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघोट्या मारल्या त्याही जपायच्या का. बाई हसल्या आणि बाजूला झाल्या. पुढची पंचवीस मिनिटे तो वाद चालला, त्यात आणखी चार-पाच जण पडले, आणि निकाल काही लागला नाही. ही दोन मुले सहा वर्षे एकाच इमारतीत शिकत होती आणि त्यांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली नव्हती. पुढल्या महिन्यात ग्रंथालयातली फाटकी पुस्तके मधल्या सुटीत दुरुस्त करण्यासाठी सात जणांचा एक गट तयार झाला. मी त्यांना सांगितलेही नव्हते. ग्रंथपालांकडून मला ते कळले.

ग्रंथ आणि बांधणी यांचा विषय निघाला की मायकेल फॅरडेची आठवण येते. या शास्त्रज्ञाचे चरित्र सांगताना आपण एक कडी नेहमी गाळतो. 1791 साली एका लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. 1812 साली त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, त्या व्याख्यानांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि 1813 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाला, ही कथा सर्वांना माहीत असते. गाळली जाते ती त्याआधीची दोन वर्षे. 1810 पासून, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांहून फार तर वर्षभराने मोठा असताना, तो जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानांना जाऊ लागला होता. एका व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग होते आणि ते त्याचा थोरला भाऊ भरत असे. त्या व्याख्यानांना जमणाऱ्या तरुणांची सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी नावाची मंडळी होती. तेथेच त्याला बेंजामिन ॲबट हा मित्र मिळाला. या मंडळींपैकी पाच-सहा जण पुढे संध्याकाळी जमून एकत्र वाचत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना सुधारत.

मला या कडीचे महत्त्व असे वाटते की, औपचारिक शिक्षण फारसे न झालेल्या त्या मुलाला डेव्हींसमोर उभे राहण्याइतके धैर्य एकट्या व्याख्यानांनी दिले नसावे. ऐकलेले कुणाला तरी समजावून सांगणे, चूक झाली तर मित्राने ती दाखवणे, पुन्हा सांगणे, हे सारे त्या संध्याकाळच्या बैठकांत होत होते. 1813 च्या जूनमध्ये त्याने ॲबटला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यान कसे द्यावे याचा बारकाईने विचार आहे. सभागृह कसे असावे, हवा कशी खेळती राहावी, प्रयोगाची साधने श्रोत्यांना कशी दिसावीत, वक्त्याने कसे उभे राहावे, किती वेळ बोलावे, अशा गोष्टी तो मित्राला लिहितो. पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनने 1825 मध्ये नाताळच्या सुटीत तरुण श्रोत्यांसाठी व्याख्यानमाला सुरू केली, आणि 1827 ते 1860 या काळात तिच्यातील 19 माला एकट्या फॅरडेने दिल्या. तरुणांशी कसे बोलावे याची तयारी त्याने वीस-बावीस वर्षांचा असताना एका मित्राला पत्रे लिहिता लिहिता सुरू केली होती.

आता आमच्या मुलांकडे वळते. सोळा ते अठरा या वयात शाळेतली सोबत जितकी हवी असते तितकीच ती मिळणे अवघड होत जाते. विषयांप्रमाणे तुकड्या फुटतात, लहानपणापासून एका बाकावर बसणारे वेगळ्या वर्गांत जातात, शाळा सुटल्यावर शिकवण्या असतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकच परीक्षा असल्यामुळे शेजारचा मुलगा मित्र आहे की स्पर्धक, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. बाहेरून पाहिले तर ही मुले सतत कुणाच्या तरी संपर्कात दिसतात. मधल्या सुटीत त्यांच्याजवळ बसले की लक्षात येते की, गुण, प्रवेश आणि कुणाचा किती अभ्यास झाला यापलीकडे बोलण्याची सवयच मोडली आहे. एका मुलीने मला सांगितले होते की, तिला मैत्रिणी पुष्कळ आहेत पण काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून ती सुटीतही वही उघडून बसते. हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

मैत्रीला वेळ लागतो, हे आपण सारेच म्हणतो. जेफ्री हॉल या संशोधकाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो वेळ मोजण्याचा प्रयत्न केला होता. नुकतेच गाव बदललेले प्रौढ आणि महाविद्यालयात नव्याने आलेले विद्यार्थी यांच्याकडून मिळालेल्या माहितीवरून त्यांनी असा अंदाज काढला की, नुसती ओळख असलेल्या माणसाशी साधी मैत्री जमायला सुमारे 50 तास, खरा मित्र म्हणावे इतकी जवळीक व्हायला सुमारे 90 तास आणि जिवलग मैत्रीला 200 हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. त्यात आणखी एक बाब होती, जी आम्हा शिक्षकांनी नीट वाचायला हवी: केवळ एकाच ठिकाणी काम करण्यात किंवा वर्गात बसण्यात गेलेला वेळ मैत्रीच्या दृष्टीने फारसा उपयोगी ठरत नव्हता, गप्पा आणि रिकामपणात गेलेला वेळ उपयोगी ठरत होता. वर्षभर शेजारी बसूनही दोन मुले अनोळखी राहू शकतात ती यामुळेच. आम्ही मुलांचा दिवस इतका ठासून भरतो की हे 50 तास कोठून यावेत, याचा हिशेबच कुणी केलेला नसतो. आठवड्यातला अर्धा तास म्हणजे वर्षाला फार तर पंधरा-सोळा तास होतात. हा आकडा लहान आहे. तरीही शाळेच्या वेळेत, कुणाच्या परवानगीची गरज न पडता मिळणारा हा तेवढाच वेळ आहे, म्हणून मी त्यासाठी भांडले.

मुलांनी एकमेकांत मिसळावे म्हणून निव्वळ त्याच हेतूने केलेले कार्यक्रम मीही करून पाहिले आहेत. एका वर्षी दोन्ही इयत्तांचा एक परिचय मेळावा घेतला. मुलांना गोल बसवले, प्रत्येकाने स्वतःचे नाव, छंद आणि पुढे काय व्हायचे आहे ते सांगायचे असे ठरवले. पहिल्या दहा जणांनंतर उत्तरे एकसारखी येऊ लागली, आणि ज्यांची पाळी आली नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर जी अस्वस्थता दिसत होती ती पाहून मला स्वतःचीच चूक कळली. या वयाच्या मुलाला चारचौघांत स्वतःविषयी बोला म्हणणे म्हणजे त्याला सर्वांत कठीण काम सर्वांत आधी सांगणे होय. दोघांच्या मध्ये एखादी तिसरी वस्तू असली, फाटके पान, हाडाचा सांगाडा, नकाशा, न सुटलेले कोडे, की दोघेही तिच्याकडे पाहत बोलू लागतात आणि स्वतःविषयीचे बोलणे नंतर आपसूक येते. व्याख्यानाने ही तिसरी वस्तू पुरवावी, अशी माझी वक्त्यांकडून मुख्य अपेक्षा असते.

त्यामुळे वक्ता निवडताना मी त्याचे यश पाहत नाही. त्याला स्वतःच्या कामातली रोजची अडचण सांगता येते का, ते पाहते. आपण किती कष्टांतून वर आलो हे सांगणारी भाषणे मुले शांतपणे ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि विसरून जातात, कारण त्यांत विचारण्यासारखे काही उरलेले नसते. याउलट भूजल मोजणारा, शस्त्रक्रियेआधी भूल देणारा, न्यायालयात दुभाषाचे काम करणारा माणूस आज सकाळी कुठे अडला होता हे सांगू लागला की मुले पुढे सरकून बसतात. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरे मागच्या पानांवर छापलेली असतात. ज्याचे उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही असा प्रश्न घेऊन रोज कामावर जाणारी माणसे जगात आहेत, हे बहुतेक मुलांना तेथे पहिल्यांदा कळते. वक्त्यांना मी चार गोष्टी आधीच कळवते: पस्तीस मिनिटांहून अधिक बोलू नये, उपदेश करू नये, हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आणावी आणि नंतर थांबावे. एकदा एका पाहुण्यांनी निम्मा वेळ आपल्या शिकवणी वर्गाची माहिती देण्यात घालवला. तेव्हापासून प्रत्येक वक्त्याशी आधी फोनवर बोलल्याशिवाय मी तारीख देत नाही.

सर्वांत जास्त विचार मला प्रश्नोत्तरांचा करावा लागला आहे. कुणाला काही प्रश्न आहेत का, असे विचारल्यावर सभागृहात जी शांतता पसरते ती प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. मुलांना जिज्ञासा उरली नाही असा निष्कर्ष आपण त्या शांततेवरून काढतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा असे दिसले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदसुद्धा जेमतेम थांबतात, आणि तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःही प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला अगदी थोडे वाटतात. दीडशे मुलांसमोर माइक धरून गप्प उभे राहिले की ते किती लांबतात, हे मी अनुभवले आहे. मन घट्ट करून थांबावे लागते.

दुसरे कारण भीतीचे आहे, आणि ती अज्ञान उघडे पडण्याची नसून सर्वांच्या नजरेत येण्याची असते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेला शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी आपला शर्ट ओळखला असेल, असे शर्ट घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात साधारण चौथ्या भागाने ओळखला होता. हा प्रयोग मी दर वर्षी पहिल्या व्याख्यानाच्या आधी मुलांना सांगते. ऐकताना ती हसतात, परंतु नंतर एखादा मुलगा येऊन हळूच विचारतो की, म्हणजे माझा प्रश्न चुकला तरी अर्ध्या लोकांचे लक्षच नसेल ना. मी त्याला हो म्हणते. त्याच्या खांद्यावरचे ओझे त्या क्षणी उतरलेले दिसते.

या दोन गोष्टी लक्षात घेऊन आम्ही पद्धत बदलली. व्याख्यान संपले की लगेच प्रश्न मागत नाही. दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोला, आणि तुम्हा दोघांना न कळलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहा, असे सांगतो. शेजारी कोण आहे हे महत्त्वाचे असल्यामुळे दोन्ही इयत्तांच्या रांगा मुद्दाम मिसळून बसवतो. त्या दोन मिनिटांत सभागृहात जो कलकलाट होतो तो ऐकून एका वक्त्यांना वाटले होते की शिस्त बिघडली आहे. नंतर चिठ्ठ्या वाचताना मात्र त्यांनी निघण्याची वेळ दोनदा पुढे ढकलली. प्रश्न दोघांचा झाला की तो विचारण्याची लाज निम्मी होते, आणि ज्याच्याशी आपण कधी बोललो नव्हतो त्याच्याबरोबर आपले अज्ञान वाटून घेतल्यानंतर त्याच्याशी पुढल्या दिवशी जिन्यात बोलणे सोपे जाते.

नव्याने भेटलेल्या माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला फारसे आवडलो नसणार, असे बहुतेकांना वाटते, आणि प्रत्यक्षात समोरच्याला आपण वाटते त्याहून अधिक आवडलेले असतो, असे 2018 मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले होते. प्रौढांची ही गत असेल तर सतरा वर्षांच्या मुलाची काय होत असेल. म्हणून एकदाच झालेले बोलणे पुरत नाही. दर आठवड्याला तेच सभागृह, तीच वेळ आणि तेच चेहरे असले, तर तो गैरसमज हळूहळू गळून पडतो. वर्षातून एकदा मोठा उत्सव करण्यापेक्षा दर आठवड्याला लहानसा कार्यक्रम करावा असे मी म्हणते ते यासाठी.

उपस्थिती सक्तीची असावी की ऐच्छिक, यावर माझे मत काळाच्या ओघात बदलले. सुरुवातीला मी ऐच्छिकतेच्या बाजूने होते. मग असे दिसले की, ऐच्छिक ठेवले की ज्यांच्या घरात पुस्तके आहेत, ज्यांचे पालक अशा विषयांवर बोलतात, तीच मुले येतात, आणि ज्यांना या खिडकीची सर्वांत जास्त गरज आहे ती मुले आपल्यासाठी हे नाही असे समजून बाहेर राहतात. आता व्याख्यान शाळेच्या वेळेत आणि सर्वांसाठी असते. नंतरचा अर्धा तास मात्र पूर्णपणे ऐच्छिक. त्याची हजेरी नाही, त्याला गुण नाहीत आणि त्याचा फोटो काढून अहवालात लावण्यास मी ठाम नकार दिला आहे. शिक्षक हजर असतात, पण भिंतीजवळ.

याच संदर्भात एक चूक सांगायला हवी, कारण ती लक्षात यायला मला दोन वर्षे लागली. आधी हा अर्धा तास शाळा सुटल्यानंतर होता. थांबणारी मुले नेहमी तीच ती का असतात, हे मला कळत नव्हते. एक दिवस एका मुलीने सांगितले की, तिला थांबायचे असते, पण तिची बस सुटते आणि नंतरची बस दीड तासाने असते. दुसऱ्याला धाकट्या भावाला शाळेतून आणायचे असे. म्हणजे मी ज्यांना अबोल समजत होते त्यांच्यापैकी काही जणांना केवळ घरी जाण्याची घाई होती. त्यानंतर व्याख्यान शेवटून तिसऱ्या तासिकेला घेतले आणि त्यानंतरची अर्धी तासिका मोकळी ठेवली. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यासाठी बरीच ओढाताण करावी लागली. त्यांनी ती केली. थांबणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यांत नवे चेहरे दिसू लागले. संध्याकाळी उशिराचे कार्यक्रम मला या वयासाठी तसेही पटत नाहीत. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात, आणि परीक्षेच्या वर्षात तिच्यावर आधीच पुरेसे अतिक्रमण झालेले असते.

व्यवस्थेची कामे आता बहुतेक सारी मुलेच करतात. पत्र लिहिणे, पाहुण्यांना फाटकापाशी घ्यायला जाणे, प्रोजेक्टर जोडणे, चिठ्ठ्या गोळा करून सारखे प्रश्न एकत्र करणे, ओळख करून देणे. ओळख चार वाक्यांत संपली पाहिजे, एवढाच माझा आग्रह असतो. पहिल्यांदा समितीत मी चुणचुणीत मुले घेत असे. नंतर लक्षात आले की, ज्या मुलाला गर्दीत एकटे उभे राहण्याची धास्ती वाटते त्याला काम दिले की ती धास्ती जाते. हातात वायरचे भेंडोळे असले की उभे राहायला कारण मिळते, कुणी ना कुणी येऊन कुठला प्लग कुठे ते विचारते, आणि बोलणे सुरू होते. कागदाची पट्टी उजेडासमोर धरणाऱ्या त्या अबोल मुलाला मी नंतर माइकचे काम दिले होते. दीडशे मुलांमध्ये प्रश्न विचारणाऱ्याकडे माइक नेऊन देता देता तो त्या वर्षात बहुधा सर्वांशीच दोन शब्द बोलला असेल. वरच्या इयत्तेने खालच्या इयत्तेला काम शिकवून जायचे असते, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलांची गाठ पडते आणि प्रवेश, विषय, भीती, घरचे वाद यांविषयी जे आम्हाला कधीच विचारले जाणार नाही ते वायरी गुंडाळता गुंडाळता एकमेकांना विचारले जाते.

मोकळीक दिली की मुले बिघडतील, अशी काही पालकांची काळजी असते आणि ती मी उडवून लावत नाही. मित्र पाहत असले की या वयाची मुले अधिक धोका पत्करतात, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या 2005 मधील प्रयोगात दिसले होते. संगणकावरील मोटार चालवण्याच्या खेळात एकट्याने सावध असणारी मुले मित्रांसमोर बेफिकीर होत. मात्र त्या प्रयोगातला धोका हा गाडी न थांबवण्याचा होता. आमच्या सभागृहात मित्रांसमोर पत्करला जाणारा धोका हात वर करण्याचा, पाहुण्यांचे म्हणणे पटले नाही असे सांगण्याचा, किंवा मला हे कळले नाही असे कबूल करण्याचा असतो. मित्रांच्या नजरेत जर इतके बळ असेल तर ते या कामी यावे, असे मी पालकांना सांगते, आणि एकदा येऊन मागच्या रांगेत बसा असे निमंत्रणही देते. काही जण येतात.

कुलुपाचा वाद मिटला. चावी ज्यांच्याकडे असते त्या काकांना मी वेळापत्रकाची एक प्रत दिली, आणि तो अर्धा तास त्यांच्याही कामाच्या वेळेतच येत असल्यामुळे त्यांची हरकत उरली नाही. गेल्या आठवड्यात यंदाच्या समितीने पुढच्या वक्त्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मला दाखवायला आणला. तारीख, वेळ, पस्तीस मिनिटांची मर्यादा, सोबत आणायची वस्तू, हे सारे त्यात होते. शेवटी मुलांनी स्वतःहून एक वाक्य घातले होते: व्याख्यानानंतर आम्ही अर्धा तास सभागृहात असतो, आपल्याला थांबणे शक्य नसेल तर कृपया आपल्या सोयीची दुसरी तारीख कळवावी. मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि सही केली.